गॉडफ्री हाउन्सफिल्ड : तुमच्या कुत्र्या-मांजराच्या सीटी स्कॅनमागचा माणूस

तुमच्या कुत्र्याला किंवा मांजराला पशुवैद्यकांनी सीटी स्कॅन सांगितला असेल, तर दोन प्रश्न तुमच्या मनात आले असतील. जनावरांचाही सीटी स्कॅन होतो का? आणि एवढा खर्च व प्रवास करून त्याचा उपयोग होईल का? मी माणसांचा डॉक्टर आहे, पण हे प्रश्न मलाही विचारले जातात.

मागच्या वर्षी बीपी तपासायला आलेल्या एका काकूंनी स्वतःची तक्रार सांगण्याआधी मोबाइलवर त्यांच्या मोत्याचा रिपोर्ट उघडला. मोत्या नऊ वर्षांचा. दोन महिने त्याच्या डाव्या नाकपुडीतून अधूनमधून रक्त येत होते. पशुवैद्यकांच्या सांगण्यावरून बाहेरगावी नेऊन सीटी स्कॅन केला होता. रिपोर्टमध्ये डाव्या नाकात गाठीसारखा भाग आणि शेजारचे पातळ हाड झिजलेले, असे लिहिले होते. काही आकड्यांपुढे एचयू अशी अक्षरे होती. काकूंचा प्रश्न साधा होता. एवढा मोठा स्कॅन झाला, तरी आजाराचे नाव कुठे आहे?

उत्तर त्या एचयू या अक्षरांतच आहे. एचयू म्हणजे हाउन्सफिल्ड युनिट. ज्या माणसाच्या आडनावावरून हे एकक आले, त्याचे आयुष्य समजले की सीटी स्कॅन काय सांगू शकतो आणि काय नाही, हेही समजते.

शेतावर वाढलेला मुलगा

गॉडफ्री हाउन्सफिल्ड यांचा जन्म २८ ऑगस्ट १९१९ रोजी इंग्लंडमधील नॉटिंगहॅमशायर परगण्यात, नेवार्क येथे झाला. पाच भावंडांत ते सर्वांत धाकटे. वडिलांची शेती होती. मोठी भावंडे आपापल्या खेळात रमलेली आणि गॉडफ्री मळणीयंत्रे व इंजिनांभोवती घुटमळणारे. आपल्याकडेही असे एखादे पोर असते, जे विहिरीवरची मोटर उघडून बसते.

त्यांचे प्रयोग धोकादायक असत. घरी बनवलेले ग्लायडर घेऊन ते गवताच्या गंजीवरून उडी मारत. पाणी भरलेल्या डांबराच्या पिंपात अ‍ॅसिटिलीन वायू वापरून पिंप किती उंच उडते, हे पाहताना त्यांचा जीव जाता जाता वाचला. शाळेत मात्र गणित आणि भौतिकशास्त्र सोडले तर त्यांचे कशातच मन लागत नसे.

दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश हवाई दलात दाखल झाले. तिथे रडार शिकले आणि पुढे इतरांना शिकवू लागले. युद्धानंतर लंडनच्या फॅरेडे हाउस या संस्थेतून त्यांनी विद्युत अभियांत्रिकीची पदविका घेतली. विद्यापीठाची पदवी त्यांनी कधीच घेतली नव्हती. वैद्यकीय शिक्षणाचा तर प्रश्नच नव्हता.

ग्रामोफोनची कंपनी आणि फसलेला प्रकल्प

१९५१ मध्ये ते ईएमआय या कंपनीत रुजू झाले. तुमच्या आजोबांकडे जुन्या तबकड्या असतील, तर त्यांवरचे एचएमव्हीचे चित्र आठवा. ग्रामोफोनच्या कर्ण्यासमोर बसून ऐकणारा कुत्रा. ते चिन्ह याच ईएमआय समूहाचे. कुत्र्याचे चित्र मिरवणाऱ्या कंपनीतच असे यंत्र तयार झाले, जे आज खऱ्या कुत्र्यांच्याही कामी येते.

तिथे त्यांनी आधी रडारवर काम केले. १९५८ पासून त्यांच्या तुकडीने ईएमआयडेक ११०० हा संगणक घडवला. पूर्णपणे ट्रान्झिस्टरवर चालणारा हा ब्रिटनमधील पहिला संगणक मानला जातो. पुढचा प्रकल्प संगणकाच्या स्मृतीचा होता. तो व्यापारी दृष्ट्या फसला आणि बंद झाला. कंपनीने त्यांना लगेच दुसरे काम न देता, नवे काय करता येईल याचा विचार करायला वेळ दिला. त्या वेळातून सीटी स्कॅन आला.

न सोलता संत्र्याच्या फोडी मोजायच्या कशा?

१९६७ च्या सुमारास त्यांना एक कल्पना सुचली. बंद पेटी न उघडता तिच्यातून सर्व बाजूंनी किरण पाठवले आणि प्रत्येक वेळी पलीकडे किती किरण पोहोचले हे मोजले, तर आत कुठे काय आहे हे गणिताने काढता येईल.

वरुड-मोर्शीकडचे संत्रे डोळ्यांसमोर आणा. साधा एक्स-रे म्हणजे संत्र्याची भिंतीवर पडलेली सावली. सगळ्या फोडी एकमेकींवर आलेल्या असतात, त्यामुळे कोणत्या फोडीत बी आहे हे कळत नाही. सीटी स्कॅनमध्ये किरणांचा स्रोत चहूबाजूंनी फिरतो, हजारो मोजमापे घेतो आणि संगणक त्यांवरून संत्र्याची आडवी चकती दाखवतो. फळ न कापता प्रत्येक फोड वेगळी दिसते. कुत्र्याच्या नाकात किंवा मांजराच्या कानामागे कागदासारखी पातळ हाडे एकमेकांवर येतात, तिथे साधा एक्स-रे अपुरा का पडतो, हे यावरून लक्षात येईल.

बैलाचा मेंदू, डुकराचे शरीर

पहिला प्रयोग अगदी साध्या सामानावर झाला. लेथच्या सांगाड्यावर वस्तू ठेवून ती थोडी थोडी फिरवायची आणि एका बाजूने गॅमा किरण सोडायचे. किरण इतके क्षीण होते की एका चित्राला नऊ दिवस लागले. २८,००० मोजमापे झाली आणि संगणकाला त्यांचा हिशेब करायला अडीच तास लागले. नंतर एक्स-रे नळी बसवल्यावर नऊ दिवसांचे नऊ तास झाले.

सुरुवातीला संग्रहालयात जपून ठेवलेल्या मानवी मेंदूचे चित्र घेतले. त्यात मेंदूचा करडा आणि पांढरा भाग वेगळा दिसला आणि सगळ्यांना आनंद झाला. पण हाउन्सफिल्ड यांना शंका आली. हा मेंदू फॉर्मॅलिनमध्ये राहिलेला, म्हणजे फरक मेंदूचा की रसायनाचा? म्हणून त्यांनी बैलाचा ताजा मेंदू आणून तपासला. फरक पहिल्याइतका ठळक नव्हता, पण दिसत होता. पोटाच्या भागासाठी त्यांनी डुकराच्या शरीराचे स्कॅन केले. पुढे ते स्वतःही यंत्रात शिरले.

म्हणून जनावराचा सीटी ही माणसांच्या यंत्राची उधारी नाही. या यंत्राचे सुरुवातीचे काही धडे जनावरांच्या शरीरावरही गिरवले गेले. आणखी एक गोष्ट इथे शिकण्यासारखी आहे. आपल्याला हवे तेच उत्तर दिसले, तरी ते दुसऱ्या मार्गाने तपासून पाहायचे.

१ ऑक्टोबर १९७१

लंडनमधील अ‍ॅटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात डॉ. जेम्स अँब्रोज यांनी या दिवशी पहिल्या रुग्णाचा स्कॅन केला. एका महिलेच्या मेंदूच्या पुढच्या भागात गाठ असल्याचा संशय होता. चित्रात ती दिसली आणि शस्त्रक्रियेतही तशीच सापडली. तोवर कवटीच्या आतले पाहायचे तर मणक्यातून हवा भरणे किंवा मानेच्या धमनीत औषध टोचणे, असे त्रासदायक मार्ग होते.

१९७२ मध्ये हे काम जगापुढे आले. १९७९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक हाउन्सफिल्ड आणि अ‍ॅलन कॉर्मॅक यांना मिळाले. कॉर्मॅक या भौतिकशास्त्रज्ञाने १९६३-६४ मध्येच यामागचे गणित स्वतंत्रपणे मांडले होते. दोघांपैकी एकही वैद्यकीय डॉक्टर नव्हता. १९८१ मध्ये हाउन्सफिल्ड यांना सर ही पदवी मिळाली. ते अविवाहित आणि साधे राहिले. लांब पायी भटकणे हा त्यांचा छंद. १२ ऑगस्ट २००४ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

एचयू म्हणजे नेमके काय?

शरीराचा कोणता भाग किरणांना किती अडवतो, याचे हे माप. पाणी शून्य आणि हवा उणे १०००. चरबी साधारण उणे १०० च्या आसपास, ताजे गोठलेले रक्त ५० ते ८० च्या दरम्यान, तर घट्ट हाड १००० च्या जवळ किंवा त्याहून वर. माणूस असो की मांजर, ही मोजपट्टी एकच.

आता काकूंच्या प्रश्नाकडे या. सीटी मोजमाप करतो. गाठ कुठे आहे, केवढी आहे, हाड खाते आहे का, हे तो उत्तम सांगतो. पण कर्करोगाची गाठ आणि बुरशीने झालेली सूज यांची मापे सारखी येऊ शकतात. आजाराचे नाव बहुधा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच कळते. सीटीमुळे तो तुकडा नेमका कुठून घ्यायचा हे ठरते. म्हणजे काकूंचा स्कॅन वाया गेला नव्हता, तो अर्ध्या वाटेवर थांबला होता.

तुमच्या जनावराला सीटी केव्हा उपयोगी?

- एकाच नाकपुडीतून रक्त किंवा पू येत राहणे, नाक अथवा जबड्यावर सूज
- कानाच्या आतला जुना आजार, मांजराच्या कानामागची किंवा घशामागची वाढ
- अपघातानंतर डोके, जबडा किंवा कंबरेच्या हाडांची गुंतागुंतीची मोडतोड
- कर्करोगाच्या शस्त्रक्रियेआधी तो फुफ्फुसात पसरला आहे का हे पाहणे
- डॅशहाउंडसारख्या लांब पाठीच्या कुत्र्यांत मणक्याची चकती सरकल्याचा संशय

मेंदू आणि मज्जारज्जूच्या मऊ भागासाठी एमआरआय अधिक चांगला. आणि काही वेळा सीटीच्या आधी साध्या तपासण्या हव्यात. आपल्या भागात गोचिडांमुळे होणारा ताप कुत्र्यांत पुष्कळ दिसतो. त्यात प्लेटलेट कमी होऊन नाकातून रक्त येते. हे रक्ततपासणीत कळू शकते आणि औषधाने बरे होऊ शकते. तरुण कुत्र्याला अधूनमधून फिट येत असतील आणि मधल्या काळात तो अगदी ठीक असेल, तर सीटी बहुतेक वेळा सामान्यच येतो.

एक सूचना डॉक्टर म्हणून. कुत्र्याचे वागणे अचानक बदलले, लाळ गळू लागली, गिळता येईना, चाल लटपटली, तर स्कॅनच्या आधी रेबीजचा विचार करा. त्याच्या तोंडात हात घालू नका. चावा, ओरखडा किंवा जखमेवर लाळ लागली असेल तर ती जागा वाहत्या पाण्याने व साबणाने १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा. रेबीज झाल्यावर उपचार नाही, वेळेवर घेतलेली लस हाच उपाय.

निघण्याआधी

आधी पशुवैद्यकांना एकच प्रश्न विचारा. स्कॅनमध्ये काहीही निघाले, तर उपचारात काय बदलेल? उत्तर काहीच बदलणार नाही असे असेल, तर न जाणे हा योग्य निर्णय असू शकतो. त्यात अपराधी वाटण्याचे कारण नाही.

जायचे ठरले तर आधी फोन करून सीटीची सोय, भूल देणारे पशुवैद्यक आणि तुकडा तपासण्याची व्यवस्था त्याच दिवशी मिळेल का, हे विचारा. अकोल्याची पशुवैद्यक पदव्युत्तर संस्था किंवा नागपूरचे पशुवैद्यक महाविद्यालय यांचा सल्ला पशुवैद्यकांमार्फत घेता येतो. मुंबईत महालक्ष्मी येथे २०२४ मध्ये सुरू झालेल्या टाटा ट्रस्ट्सच्या लहान प्राण्यांच्या रुग्णालयात सीटी आणि एमआरआय दोन्ही आहेत, पण तो रात्रभराचा प्रवास आहे.

स्कॅनला वेळ थोडा लागतो, पण जनावराने हलता कामा नये. म्हणून बहुधा भूल किंवा गुंगी द्यावी लागते. त्याआधी रक्त, मूत्रपिंड आणि हृदय तपासतात. किती तास उपाशी ठेवायचे ते विचारून घ्या. पिल्लांना व मधुमेही जनावरांना वेगळे नियम असतात. आपल्या मे महिन्याच्या उन्हात, पारा ४५ अंशांकडे असताना, कुत्र्याला दुपारी बंद गाडीतून नेऊ नका. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला तर उष्माघात लवकर होतो. पहाटे निघा, पाणी सोबत ठेवा.

मोत्याचा तुकडा तपासला गेला. कर्करोगच निघाला. लांबच्या किरणोपचारांसाठी नेणे काकूंना शक्य नव्हते. पशुवैद्यकांशी बोलून त्यांनी वेदना कमी करणारी औषधे आणि घर निवडले. मोत्या दिवाळीपर्यंत राहिला. पुढच्या वेळी काकू आल्या तेव्हा त्यांचे बीपी वाढलेले होते, पण मन शांत होते. काय होत आहे हे कळले, म्हणून ठरवता आले, असे त्या सांगत होत्या. स्कॅन एवढेच देऊ शकतो, आणि कित्येकदा तेवढे पुरेसे असते.

(ही माहिती सर्वसाधारण समजुतीसाठी आहे. तुमच्या जनावराची तपासणी व उपचार पशुवैद्यकांच्या सल्ल्यानेच करा.)