डॉ. आनंदीबाई जोशी व त्यांचा प्रबंध

ही स्मरणिका ज्ञातिबंधु-भगिनींच्या हाती पडेल तेव्हा त्यांची दृष्टी प्रथम गुणगौरवाच्या पानांवरील छायाचित्रांकडे जाईल, हे आम्ही जाणून आहो; आणि त्यात वावगे काही नाही. आपल्या सुप्याची व आसपासच्या गावांची मुले-मुली आता वैद्यकाच्या व जीवशास्त्राच्या शिक्षणासाठी लोणीस, विळद घाटात, पुण्यास जाऊन राहतात. सुटीत घरी आली की कागदांची चवड पुढे घेऊन बसतात आणि आपणांस संशोधनाचा प्रकल्प करावयाचा आहे असे सांगतात. वडील मंडळींस त्याचे कौतुक बेताचेच असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने वैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी १९७९ साली अल्पकालीन संशोधनाची योजना सुरू केली. तीत दोन महिने घालविण्यापेक्षा पोराने तेवढा वेळ पाठ्यपुस्तकास दिला तर काय वाईट, असे एका गृहस्थांनी आम्हांस विचारले होते. आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासूनही त्या वेळी आम्हांस समाधानकारक उत्तर सुचले नाही. पुढे आनंदीबाई जोशी यांचे चरित्र नव्याने वाचनात आले, आणि ते उत्तर त्यात आहे असे वाटल्यावरून हा लेख लिहावयास घेतला आहे.

आनंदीबाईंचे नाव आपल्या घराघरांत ठाऊक आहे. श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी १९६८ साली निघाली, आणि त्याच नावाचा चित्रपट २०१९ साली आला. परंतु पदवीसाठी त्यांनी लिहिलेल्या प्रबंधाविषयी फारच थोडे बोलले जाते.

त्यांचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेर कल्याणचे, माहेरचे नाव यमुना. वयाच्या नवव्या वर्षी गोपाळराव जोशी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. गोपाळराव पोस्टखात्यात नोकरीस, बिजवर, आणि वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे. बायको शिकलीच पाहिजे असा त्यांचा हट्ट, आणि हट्टाला संतापाची जोड. शिकविताना ते मारीतही असत, हे आनंदीबाईंनीच पुढे आपल्या पत्रांत नमूद केले आहे. हे लपवून ठेवून गोपाळरावांची नुसती आरती ओवाळणे आम्हांस योग्य वाटत नाही; तसेच त्यांच्यावाचून आनंदीबाई घडल्या असत्या असेही म्हणवत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि तो दहा दिवसांतच गेला. त्या काळी बाळंतपण म्हणजे काय प्रकार होता याची कल्पना आमच्या पिढीतील लोकांस थोडीफार करता येईल. आम्ही लहान असता गावात बाळंतपणे घरीच होत. माजघराशेजारची काळोखी खोली, तीत बाज, बाजेखाली शेगडी, ओव्याशेपांची धुरी, आणि सर्व भार सुईणीवर. सुईण हाताची कुशल असे. पण अडले म्हणजे देवाचे नाव घेण्यावाचून तिच्यापाशी दुसरा उपाय नसे. पुरुष डॉक्टरास बोलावणे हे घराण्याच्या अब्रूस कमीपणाचे मानीत. चौदा वर्षांच्या त्या मुलीने या खोलीत जे भोगले तेच पुढे तिच्या अभ्यासाचा विषय झाले.

गोपाळराव कोल्हापुरास असता, १८७८ साली, त्यांनी पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकन मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार केला. ख्रिस्ती व्हावे अशी अपेक्षा दिसली तेव्हा उभयतांनी ती मान्य केली नाही. मात्र तो पत्रव्यवहार एका मिशनरी मासिकात छापून आला. १८८० साली न्यू जर्सी राज्यातील रोझेल गावच्या श्रीमती थिओडिशिया कार्पेंटर दाताच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असता तो अंक त्यांच्या हाती लागला, आणि त्यांनी हिंदुस्थानातील या अपरिचित मुलीस पत्र लिहिले. पुढे आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधील सेरामपूर येथील कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी इंग्रजीतून व्याख्यान दिले. वय अठराही पूर्ण नव्हते. अमेरिकेस का जाता, शिक्षण येथेच का घेत नाही, एकट्या का जाता, असे प्रश्न लोक त्यांना करीत. ते सर्व त्यांनी स्वतःच सभेपुढे मांडले आणि एकेकाचे उत्तर दिले. त्यांतील एक प्रश्न, परत आल्यावर ज्ञाती आपल्याला वाळीत टाकणार नाही काय, हा होता. आपण येथे जशा राहतो तशाच तेथे राहू, आहार, पोशाख, आचार बदलणार नाही, हिंदू म्हणून जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. ज्यांना बहिष्कार घालावयाचा असेल त्यांनी परत येण्याची वाट कशाला पाहावी, आजच घालावा, असेही त्यांनी सांगून टाकले. ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत हा प्रसंग लिहिताना आमची लेखणी थोडी अडखळते. तो प्रश्न विचारणारे आपलेच पूर्वज होते.

७ एप्रिल १८८३ रोजी त्या मिशनरी स्त्रियांच्या सोबतीने कलकत्त्याहून निघाल्या व ४ जूनला न्यूयॉर्कला पोहोचल्या. कार्पेंटरबाईंच्या घरी उन्हाळा घालवून ऑक्टोबरात त्यांनी फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला. स्त्रियांना वैद्यकाची पदवी देण्यासाठीच १८५० साली हे महाविद्यालय स्थापन झालेले. प्रमुख रेचल बॉडली या स्वतः रसायनशास्त्राच्या अध्यापिका होत्या व त्यांनी या परदेशी मुलीवर माया केली. तथापि तेथील दिवस सुखाचे नव्हते. राहण्यास मिळालेल्या खोलीतील शेकोटीचा धूर आतच कोंडत असे, स्वयंपाक हाताने करून शाकाहार सांभाळावयाचा, त्यात तेथील थंडी. ताप व खोकला यांनी तेथेच मूळ धरले.

पदवीपूर्वी प्रत्येक विद्यार्थिनीने एक प्रबंध सादर करावा असा त्या महाविद्यालयाचा नियम होता. अशा प्रबंधासाठी व्याख्यानांत झालेलाच एखादा विषय घेऊन चार पुस्तकांतील मजकूर एकत्र करणे ही सोपी वाट. विद्यार्थी सर्वत्र व सर्व काळी तीच धरतात, हे शिक्षकाला सांगावे लागत नाही. आनंदीबाईंनी विषय घेतला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत गर्भिणी, प्रसूती व नवजात बालक यांविषयी काय सांगितले आहे ते त्यांनी इंग्रजीत मांडले, आणि त्याच्या जोडीस अमेरिकन पाठ्यपुस्तकांचा आधार घेतला. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात गर्भाच्या महिनेवार वाढीचे वर्णन आहे आणि अडलेल्या गर्भावर, म्हणजे मूढगर्भावर, स्वतंत्र विचार आहे, हे आपल्याकडे ऐकून सर्वांस माहीत असते. मूळ उघडून पाहणारे विरळा. आपल्या घरातील ज्ञान आणि परक्याच्या घरातील ज्ञान एका मेजावर ठेवून पाहण्याचे हे काम वीस वर्षांच्या एका मुलीने, आजारी असता, परभाषेत केले.

येथे एक खुलासा करणे अवश्य वाटते. सर्व काही आपल्या पोथ्यांत आधीच होते असे सिद्ध करण्यासाठी कित्येक जण या प्रबंधाचा दाखला देतात. आम्हांस तसे वाटत नाही. पोथी पुरेशी असती तर दहा दिवसांचे बालक दगावल्यावर त्या मातेने सातासमुद्रापलीकडे जाण्याचे कारण नव्हते. तसेच आजच्या अर्थाने ते संशोधन नव्हे हेही कबूल केले पाहिजे. त्यात रुग्णांची मोजदाद नाही, प्रयोग नाहीत. परंतु आपण भोगलेल्या दुःखातून प्रश्न उचलावा आणि त्याचा जेथे जेथे विचार झाला असेल तेथे जाऊन तो पाहावा, ही संशोधनाची पहिली पायरी त्यात निश्चित आहे.

११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम.डी. ही पदवी मिळाली. एकविसावे वर्ष पूर्ण होण्यास वीस दिवस उरले होते. समारंभास पंडिता रमाबाई हजर होत्या, आणि गोपाळरावही आदल्या वर्षीच अमेरिकेत येऊन पोहोचले होते. त्याच साली कलकत्त्यात कादंबिनी गांगुली यांनीही वैद्यकीय शिक्षण पूर्ण केले, म्हणून पहिली कोण हा वाद आम्ही घालीत नाही. कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रियांच्या विभागाचे प्रमुखपद आनंदीबाईंना देऊ केले व त्यांनी ते स्वीकारले.

परंतु क्षयाने त्यांना आधीच गाठले होते. नोव्हेंबर १८८६ मध्ये त्या मुंबईस उतरल्या त्या अंथरुणाला खिळण्यासाठीच. कोल्हापूरची खुर्ची रिकामीच राहिली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचा अंत झाला. बाविसावे वर्षही पुरे व्हावयाचे होते. शिकलेल्या विद्येचा एका बाळंतिणीसही उपयोग करून देण्याची संधी त्यांना आपल्या देशात मिळाली नाही. पुढच्याच वर्षी कॅरोलाइन डॉल या अमेरिकन बाईंनी त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले. मराठीत काशीबाई कानिटकरांनी लिहिले.

क्षयाचा जंतू जर्मनीत रॉबर्ट कॉख यांनी १८८२ च्या मार्चमध्ये, म्हणजे आनंदीबाई निघण्यापूर्वी एकच वर्ष, जगास दाखविला होता. रोगाचे कारण कळले, पण औषध नव्हते, आणि पुढे साठ वर्षे ते मिळाले नाही. ते मिळाले १९४३ च्या ऑक्टोबरात, रट्गर्स येथील प्रयोगशाळेच्या तळघरात. सेलमन वाक्समन यांच्या हाताखाली अल्बर्ट शाट्झ नावाचा तेवीस वर्षांचा विद्यार्थी पीएच.डी.च्या प्रबंधासाठी मातीतील सूक्ष्म जीवांवर काम करीत होता. त्यात त्याला स्ट्रेप्टोमायसिन सापडले. क्षयावर गुण देणारे हे पहिले प्रतिजैविक. १९५२ चे नोबेल पारितोषिक एकट्या वाक्समन यांना मिळाले, त्याबद्दल पुष्कळ वाद झाला, तो येथे नको. रट्गर्स हे न्यू जर्सी राज्यातच आहे. ज्या राज्यातील रोझेलच्या घरी आनंदीबाई प्रथम उतरल्या, तेच हे राज्य. एका विद्यार्थिनीचा जीव ज्या रोगाने घेतला त्याचे औषध एका विद्यार्थ्याच्या प्रबंधातून निघाले. आम्हांस प्रश्न करणाऱ्या त्या गृहस्थांनी हा मजकूर वाचावा आणि चिरंजीवांस दोन महिन्यांची मोकळीक द्यावी, एवढी आमची विनंती आहे.

आनंदीबाईंची रक्षा गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे पाठविली. न्यूयॉर्क राज्यात पोकीप्सी गावच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत ती पुरली आहे. तेथील शिळेवर नाव, पदवी व साले यांच्या खाली, विद्येसाठी हिंदुस्थानाबाहेर गेलेली ही पहिली ब्राह्मण स्त्री, या अर्थाची ओळ कोरलेली आहे. तिला ज्ञातीबाहेर घालावे की काय याची चर्चा आपल्याकडे झाली, आणि तिची ज्ञाती दगडावर कोरून ठेवली ती परक्यांच्या भूमीत.