परक्या शहराचे हित पाहणारा : सर पॅट्रिक गेडिस

इंदूर शहरात पोलोग्राउंड नावाचा एक भाग आहे. नाव खेळाच्या मैदानाचे, पण आज तेथे कारखान्यांची वस्ती आहे, वीज कंपनीचे मुख्य कार्यालय आहे. पाळी सुटण्याच्या वेळी तेथील रस्त्यावर उभे राहिले तर सायकली, मोटारसायकली आणि पायी चालणारी माणसे यांची एकच गर्दी दिसते. या गर्दीतील कितीतरी जण परगावचे. पोटासाठी आले, खोली भाड्याने घेतली आणि राहिले. आपल्या मंडळ्यांतही अशी घरे आता थोडी नाहीत. कोणाचा मुलगा आखाती देशात आहे, कोणाची मुलगी परिचारिका म्हणून सातासमुद्रांपलीकडे गेली आहे. घरी खुशालीचा निरोप येतो, पैसेही येतात. पण बोलता बोलता सूर उतरतो. काम मिळाले, मन मात्र लागत नाही, अशी ती तक्रार असते.

ही तक्रार नवी नाही. यिर्मया संदेष्ट्याने बाबेलात नेलेल्या लोकांना पत्र लिहिले तेही अशाच माणसांसाठी. घरे बांधा, मळे लावा आणि ज्या नगरात तुम्ही आहात त्याच्या कल्याणासाठी झटा व प्रार्थना करा, असा त्या पत्राचा आशय शब्बाथशाळेतील मुलांनाही ठाऊक आहे. परक्या शहराचे कल्याण पाहणे म्हणजे प्रत्यक्षात काय करणे, हे समजावे म्हणून आम्ही आज एका स्कॉटिश गृहस्थांचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत. शंभर वर्षांपूर्वी तेही कामासाठीच इंदुरात आले होते. त्यांचे नाव पॅट्रिक गेडिस.

बालपण व शिक्षण

गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधील बॅलेटर या गावी झाला. वडील सैन्यातील निवृत्त शिपाईगडी, शिस्तीचे आणि देवभीरू. ते फ्री चर्चचे एल्डर होते. ज्या स्कॉटिश मंडळीने मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या कार्यास आधार दिला, तीच ही मंडळी. पॅट्रिक लहान असतानाच कुटुंब पर्थ शहराजवळच्या टेकडीवर राहावयास गेले. त्या घराचे नाव होते माउंट ताबोर. घरात पवित्र शास्त्राचे वाचन आणि दाराशी बाग, असे हे बालपण. वडिलांनी मुलाला बटाट्याची लागवड शिकविली आणि डोंगरदऱ्यांतून फिरावयासही नेले. झाडाकडे जवळून पाहावे आणि गावाकडे उंचावरून पाहावे, ही सवय येथेच लागली.

काही काळ त्यांनी बँकेत उमेदवारी केली, पण तेथे जीव रमला नाही. पुढे लंडनला जाऊन हक्सले या प्रसिद्ध शास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी जीवशास्त्राचा अभ्यास केला. १८७९ साली संशोधनासाठी ते मेक्सिकोला गेले. तेथे डोळ्यांना विकार जडून दृष्टी जाते की काय अशी वेळ आली. अनेक आठवडे अंधाऱ्या खोलीत काढावे लागले. सूक्ष्मदर्शक यंत्रावर ज्याचे सारे भवितव्य, त्या तरुणावर हा केवढा घाला! पुढे दृष्टी परत आली, परंतु तासन् तास सूक्ष्मदर्शकातून पाहण्याचे काम सुटले. तेव्हा त्यांनी नजर वळविली ती माणसांच्या वस्तीकडे.

गलिच्छ वस्तीतील संसार

१८८६ साली अ‍ॅना मॉर्टन या सुशील व कर्तबगार स्त्रीशी त्यांचा विवाह झाला. लग्नानंतर लवकरच या जोडप्याने एडिंबरो शहरातील चांगल्या वस्तीतले घर सोडले आणि जुन्या शहरातील जेम्स कोर्ट या पडक्या, कोंदट चाळवजा इमारतीत बिऱ्हाड केले. गरिबांच्या वस्तीबद्दल व्याख्याने देणारे पुष्कळ होते. पत्नीसह तेथे राहावयास जाणारे थोडे. दोघांनी हाती झाडू घेतला, भिंतींना रंग दिला, खिडक्यांत फुलझाडे लावली आणि शेजाऱ्यांनाही हाताशी घेतले. हळूहळू त्या वस्तीची कळा पालटू लागली.  १८८८ पासून ते डंडी येथील कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. तेथील काम उन्हाळी सत्रापुरते असे. उरलेले वर्ष त्यांनी शहरांच्या अभ्यासाला दिले.

हिंदुस्थानात आगमन

१९१४ साली, वयाच्या साठाव्या वर्षी, मद्रासच्या गव्हर्नरांच्या निमंत्रणावरून गेडिस हिंदुस्थानास निघाले. शहरांविषयीचे नकाशे व चित्रे यांचे मोठे प्रदर्शन त्यांनी अनेक वर्षे खपून जमविले होते. ते सामान दुसऱ्या जहाजाने येत होते. महायुद्ध सुरू झाले होते. एम्डेन या जर्मन युद्धनौकेने ते जहाज बुडविले आणि सारे प्रदर्शन समुद्राच्या तळाशी गेले. नव्या देशात पाऊल ठेवतो न ठेवतो तोच जन्माची कमाई गेली! पण गेडिस परत फिरले नाहीत. मित्रांनी स्वदेशातून नवे सामान जमवून पाठविले आणि १९१५ च्या आरंभी मद्रासला प्रदर्शन भरलेही.

त्यानंतर त्यांनी हिंदुस्थानातील पन्नासच्या आसपास गावांची पाहणी केली. त्यांत आपली ठाणे, बांद्रा आणि नागपूर ही गावेही होती, बडोदेही होते. त्यांची कामाची रीत निराळी होती. पहाटे उठून ते पायी निघत आणि गल्लीबोळ हिंडत. विहीर कोठे आहे, बायका पाणी कोठून आणतात, मुले कोठे खेळतात, हे पाहून मगच नकाशाला हात लावीत. त्या काळचे बहुतेक इंजिनिअर जुन्या वस्तीतून सरळ रुंद रस्ते काढावयास निघत, आणि त्यात गरिबांची घरे जात. गेडिस म्हणत की रोग्याचा पायच कापण्यापेक्षा जखम तेवढी साफ करावी. एखादे पडके घर काढून तेथे लहानसे अंगण करावे, झाड लावावे, तळे बुजविण्याऐवजी गाळ काढून स्वच्छ करावे. बायका सारवलेले अंगण आणि तुळशीवृंदावन ज्या निष्ठेने राखतात, ती पाहून शहर सुधारण्याची शक्ती घराघरात आहे, अशी त्यांची खात्री पटली. परका मनुष्य नव्या देशात प्रथम उणिवा मोजतो. यांनी प्रथम तेथले चांगले काय ते शोधले.

दुःखाचे वर्ष

थोरला मुलगा अ‍ॅलॅस्टर हा पित्याचा उजवा हात. हिंदुस्थानातील पहिल्या प्रदर्शनाच्या वेळी तो बरोबर होता. पुढे तो युद्धावर गेला. एप्रिल १९१७ मध्ये फ्रान्सच्या रणभूमीवर तोफगोळ्याने तो ठार झाला. बातमी आली तेव्हा अ‍ॅनाबाई इकडे हिंदुस्थानात तापाने अंथरुणाला खिळलेल्या होत्या. हा धक्का त्यांना सोसणार नाही, म्हणून गेडिस यांनी ती बातमी त्यांच्यापासून लपविली. मुलाची जुनी पत्रे ते त्यांना वाचून दाखवीत. त्यांनी केले ते योग्य की अयोग्य, याचा निवाडा आम्ही करीत नाही. ज्याने असे ओझे उरावर वाहिले त्यालाच त्याचे वजन ठाऊक. जून महिन्यात कलकत्त्यास अ‍ॅनाबाई वारल्या. मुलगा गेल्याचे त्यांना अखेरपर्यंत कळले नाही.

दोन महिन्यांच्या आत मुलगा आणि पत्नी दोन्ही गेली. वय त्रेसष्टाच्या घरात आणि घर हजारो मैल दूर. अशा अवस्थेत त्यांच्यापुढे नवे काम आले. तुकोजीराव होळकर तिसरे यांच्या दरबाराने इंदूर शहराची पाहणी करून योजना आखण्यास त्यांना बोलाविले होते. गेडिस इंदुरात आले.

इंदूरची दिवाळी

त्या काळी शहरात कापडाच्या गिरण्या उभ्या राहत होत्या, खेड्यांतून कामगार येत होते, दाटी वाढत होती. त्यातच प्लेगची भीती. गेडिस सकाळी नकाशा घेऊन गल्लीत शिरले की लोक दारे लावून घेत. हा साहेब घरे पाडावयास आला आहे, अशी वदंता पसरली होती. भाषा परकी, वेष परका, आणि मनात कितीही कळवळा असला तरी तो लोकांना दिसावा कसा?

येथे गेडिस यांनी जे केले ते आजही इंदूरच्या इतिहासात वाचण्यासारखे आहे. व्याख्याने देण्याऐवजी त्यांनी दिवाळीचा सण हाती घेतला. त्या सणापुरते आपणास महाराजांचे अधिकार द्यावेत, अशी त्यांनी दरबारास विनंती केली आणि ती मान्य झाली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. मग दवंडी पिटविण्यात आली. यंदाची मिरवणूक नेहमीच्या वाटेने जाणार नाही. ज्या रस्त्यावरील लोक आपली घरे व अंगणे सर्वांत स्वच्छ करतील, त्या रस्त्याने ती जाईल. कचरा उचलून नेण्याची सोय फुकट करण्यात आली. झाले! गल्लीगल्लीत चढाओढ लागली. घरांची डागडुजी झाली, भिंतींना चुना लागला, उकिरडे उपसले गेले आणि गाड्याच्या गाड्या भरून केर शहराबाहेर गेला. उंदीर धरले गेले तेही हजारोंनी. प्लेग पसरतो तो उंदरांच्या अंगावरील पिसवांमुळे, आणि उंदीर पोसले जातात ते घाणीत व उघड्या धान्यावर. तेव्हा ही नुसती शोभा नव्हती, रोगाच्या मुळावरच घाव होता.

मिरवणुकीत हत्ती, घोडेस्वार, पीकपाण्याचे व धंद्यांचे देखावे होतेच. पण घाणीचा एक प्रचंड राक्षस आणि प्लेगचा एक अवाढव्य उंदीरही करण्यात आला होता. त्यांच्यामागून शहराचे सफाई कामगार चालले होते. अंगात स्वच्छ पांढरे कपडे, हातात नवे झाडू, आणि झाडूंना फुले. ज्यांच्या सावलीचाही लोक विटाळ मानीत, ते त्या दिवशी मिरवणुकीचे मानकरी ठरले. शेवटी तो राक्षस आणि तो उंदीर यांची होळी करण्यात आली. लोकांना वाटण्यासाठी रोपांच्या कुंड्या होत्या, म्हणजे सण संपल्यावरही अंगणात आठवण राहावी.

प्लेग ओसरला. ऋतू पालटल्याचाही त्यात भाग असेल. पण ज्या साहेबाला पाहून दारे लागत, त्याच्याकडे आता लोक आदराने बोट दाखवू लागले. सण त्यांच्या धर्माचा नव्हता आणि शहर त्यांच्या जन्माचे नव्हते. तरी त्या शहराचे दुखणे त्यांनी आपले मानले, आणि शहरानेही त्यांना आपले मानले. १९१८ साली त्यांनी दरबारास दिलेला इंदूरविषयीचा अहवाल दोन खंडांचा आहे. नद्या, बागा, कामगारांची घरे, ग्रंथालये, विद्यापीठ अशा कितीतरी गोष्टींचा विचार त्यात आहे. सगळे काही अमलात आले नाही. अशा कामाचे फळ पेरणाऱ्यालाच मिळते असे नाही.

उत्तरायुष्य

१९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा नवा विभाग सुरू झाला आणि गेडिस त्याचे पहिले प्राध्यापक झाले. मालवणचे गो. स. घुर्ये या तरुणाची पारख करून त्यांनीच त्याला पुढील शिक्षणासाठी इंग्लंडला पाठविण्याची शिफारस केली. पुढे तेच घुर्ये त्या विभागाचे प्रमुख झाले. जगदीशचंद्र बोस यांचे चरित्र गेडिस यांनी लिहिले, तेही याच काळात, १९२० साली. प्रकृती ढासळल्यामुळे १९२४ साली त्यांनी हिंदुस्थान सोडला आणि फ्रान्समधील माँपेल्ये येथे ते राहिले. तेथेही त्यांनी ओसाड टेकडीवर बाग केली आणि विद्यार्थ्यांसाठी घर बांधले. १९३२ च्या आरंभी त्यांना सर ही पदवी मिळाली. त्याच वर्षी १७ एप्रिल रोजी ते वारले.

आपल्यासाठी बोध

गेडिस सर्वगुणसंपन्न होते असे आम्ही म्हणत नाही. पैशाच्या व्यवहारात ते हलगर्जी होते. ते बोलू लागले की थांबत नसत, आणि हाती घेतलेली बरीच कामे अर्धी राहिली. पुढील आयुष्यात वडिलांसारखी मंडळीची निष्ठा त्यांनी राखली, असेही म्हणता येणार नाही. परंतु माउंट ताबोर येथील त्या लहान घरात एका एल्डरने मुलाच्या हाती कुदळ दिली, तिचे फळ दूरच्या इंदुरात दिसले. आईबापांनी व शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी हे ध्यानात ठेवावे. आपण शिकवितो ते मूल कोणत्या गावी उपयोगी पडेल, हे आपणास ठाऊक नसते.

२०१७ साली देशातील स्वच्छ शहरांच्या पाहणीत इंदूरचा पहिला क्रमांक आला आणि पुढे सलग अनेक वर्षे तो टिकला. त्याचे श्रेय आजच्या नागरिकांचे व सफाई कामगारांचे आहे. पण शंभर वर्षांपूर्वी याच शहरात झाडूला फुले बांधली गेली होती, हे आठवून आम्हाला समाधान वाटते.

परदेशी किंवा परगावी गेलेल्या आपल्या मुलाबाळांना आम्ही एवढेच सुचवू. मन लागण्याची वाट पाहत खोलीत बसू नये. सुटीच्या दिवशी पायी बाहेर पडावे, शेजाऱ्याचे नाव विचारावे, तेथील मंडळीत जाऊन मागच्या बाकावर न बसता काही काम मागून घ्यावे. आणि जे आपल्याच गावात आहेत, त्यांनी दाराशी आलेल्या परक्याकडे पाहावे. पोलोग्राउंडच्या गर्दीत काल आलेला एखादा तरुण असेल, त्याला येत्या रविवारी आपल्याबरोबर उपासनेला आणि नंतर घरी जेवावयास कोण नेईल? परक्यांना आपल्या घरचे करून घेणाऱ्या प्रभूने आम्हा सर्वांस ही बुद्धी द्यावी.