सुरांचा बहुरूपी
नगर जिल्ह्यातील पुणतांब्यात १९१८ साली जन्मलेल्या रामचंद्र नरहर चितळकर यांनी पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांकडे शास्त्रीय संगीताचे धडे गिरवले. पडद्यावर नायक होण्याचे स्वप्न ‘नागानंद’च्या अपयशाबरोबर विरले आणि उदरनिर्वाहासाठी त्यांनी पेटी जवळ केली. १९४२ साली मित्र भगवान यांनी ‘सुखी जीवन’चे संगीत त्यांच्यावर सोपवले. पुढे हेच सी. रामचंद्र झाले.

‘शहनाई’त (१९४७) त्यांनी पाश्चात्त्य ठेका आणला. ‘अलबेला’त (१९५१) भगवान थिरकले, ते ‘चितळकर’ या नावाने गाणाऱ्या रामचंद्रांच्याच आवाजावर! मित्राच्या उपकाराची याहून सुरेल परतफेड ती कोणती? त्याच हातांनी ‘अनारकली’साठी (१९५३) भीमपलासातील आर्त चाल बांधली.

२७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत लता मंगेशकर यांनी कवी प्रदीप यांचे शहीदगीत गायिले. त्याला ना पडदा होता, ना नायिका, ना नृत्य. तरी पंडित नेहरूंचे डोळे पाणावले. चाल रामचंद्रांचीच होती.

५ जानेवारी १९८२ रोजी ते निवर्तले. पडद्यावरच्या नाचाने त्यांची गाणी घरोघरी पोहोचली खरी. पण ती टिकली केवळ सुरांच्या बळावर.