गाडगेबाबांचे अटन व सेवा

अमरावती जिल्ह्यातील शेणगाव येथे, परीट जातीच्या एका दरिद्री कुटुंबात, २३ फेब्रुवारी १८७६ रोजी डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म झाला. तेच पुढे गाडगेबाबा या नावाने प्रसिद्धीस आले. पित्याचा अंत मद्यपानाने झाला, तेव्हा डेबूचे वय अवघे आठ वर्षांचे होते. माता सखूबाई त्यास घेऊन दापुरे येथे माहेरी आली. गुरे राखणे, नांगर धरणे यातच बालपण सरले. मामांची जमीन सावकाराच्या हाती गेली. कर्जाने घर कसे बुडते, हे डेबूने अशा रीतीने डोळ्यांनी पाहिले.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी माता, पत्नी व मुले यांना मागे ठेवून त्यांनी गृहत्याग केला. घरच्यांची त्यामुळे आबाळ झाली, ही गोष्ट झाकण्याचे कारण नाही. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हाती खराटा आणि एक फुटके गाडगे, एवढाच परिग्रह. अटन आणि भिक्षा महानुभाव साधकांस नवीन नाहीत. परंतु साधकाचे अटन ईश्वरस्मरणार्थ असते, तर यांच्या अटनाचा हेतू निराळा होता. गावात शिरताच ते प्रथम रस्ते व गटारे झाडीत, आणि काम झाल्यावरच भाकरी मागत. रात्री कीर्तनातून व्यसन, कर्ज, पशुबळी व शिवाशीव यांवर प्रहार होत.

पूर्णातीरी ऋणमोचन येथे पौषातील रविवारी यात्रा भरते. तेथे आंधळे, पांगळे व महारोगी यांना ते अन्नवस्त्र देत. ज्यांच्याजवळ इतर लोक बसत नसत, त्यांच्याजवळ ते बसत. भुकेल्यास उपदेशाआधी अन्न, उघड्यास वस्त्र, वाटसरूस निवारा, असा त्यांच्या सेवेचा क्रम होता. कीर्तनात मिळालेल्या द्रव्यातून नाशिक, पंढरपूर, आळंदी, देहू येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. त्या काळी पंढरीस येणाऱ्या अस्पृश्य यात्रेकरूंची फार विटंबना होई. उतरण्यास जागा मिळणे हाच त्यांचा मोठा प्रश्न. म्हणून त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा बांधली. पुढे १९४९ साली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीस दिली. नुसत्या निवाऱ्यापेक्षा तेथे विद्या मिळावी, हा हेतू. स्वतः बांधलेली वास्तू दुसऱ्याच्या हाती सहज सोपविणे, हे बांधण्याहून कठीण होय.

१९२३ साली कोकणात खारेपाटण येथे कीर्तन चालू असता एकुलता पुत्र गोविंद वारल्याची वार्ता आली. कीर्तन थांबले नाही. या प्रसंगाची स्तुती पुष्कळ होते. तरी कीर्तन संपल्यानंतरची ती रात्र कशी गेली असेल, याचाही विचार वाचकाने करावा.

इतक्या धर्मशाळा बांधूनही त्यांनी स्वतःसाठी घर केले नाही, आणि संस्थांवर आपल्या आप्तांना कोणताही हक्क ठेवला नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे नेत असता, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर, वाटेतच त्यांचा देहान्त झाला.