वॉल्टर काउफमान

वॉल्टर काउफमान (१ एप्रिल, १९०७ - ९ सप्टेंबर, १९८४) हे मूळचे चेकोस्लोव्हाकियातील जर्मनभाषक ज्यू संगीतकार, संगीतसंचालक आणि संगीतशास्त्रज्ञ होते. नाझी राजवटीच्या छळामुळे युरोप सोडून ते १९३४ साली मुंबईत आले आणि १९४६ पर्यंत तेथे राहिले. ऑल इंडिया रेडिओची, म्हणजेच आकाशवाणीची, सुपरिचित संकेतधून रचण्याचे श्रेय सर्वसाधारणपणे त्यांना दिले जाते.

जन्म व शिक्षण

काउफमान यांचा जन्म बोहेमियातील कार्ल्सबाड (आजचे कार्लोव्ही व्हारी) या गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावी झाला. त्या वेळी हा प्रदेश ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यात होता. बर्लिनच्या संगीत महाविद्यालयात त्यांनी फ्रान्झ श्रेकर यांच्याकडे संगीतरचनेचे शिक्षण घेतले. तेथेच कुर्ट साक्स यांच्यामुळे त्यांना युरोपाबाहेरील संगीताची ओळख झाली. पुढे प्राग येथील जर्मन विद्यापीठात त्यांनी संगीतशास्त्राचा अभ्यास केला. आपले मार्गदर्शक गुस्टाव बेकिंग हे स्थानिक नाझी तरुणांच्या संघटनेचे पुढारी असल्याचे कळल्यावर त्यांनी डॉक्टरेट स्वीकारण्यास नकार दिला. पदवीवाचूनच त्यांनी युरोप सोडला.

नाझी राजवट व स्थलांतर

जानेवारी १९३३ मध्ये ॲडॉल्फ हिटलर जर्मनीचा चॅन्सेलर झाला. एप्रिलमधील कायद्याने ज्यूंना सरकारी नोकऱ्यांतून काढण्यास सुरुवात झाली. सरकारी व नगरपालिकांची नाट्यगृहे, वाद्यवृंद आणि संगीतशाळा यांनाही त्याची झळ लागली. ज्यांच्या हाताखाली काउफमान यांनी काम केले होते, ते ख्यातनाम संगीतसंचालक ब्रुनो वॉल्टर यांनाही जर्मनी सोडावी लागली. नोव्हेंबर १९३३ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय संगीत मंडळाच्या सदस्यत्वावाचून व्यवसाय करणे अशक्य झाले आणि ज्यूंना ते सदस्यत्व मिळेनासे झाले. पंचविशीतील एका होतकरू संगीतकारापुढे देशांतराशिवाय फारसा पर्याय उरला नाही.

काउफमान यांच्या पहिल्या पत्नी गेर्टी या लेखक फ्रान्झ काफका यांच्या भाची होत. गेर्टी यांची आई एली आणि मावशी वाली यांना १९४१ मध्ये प्रागहून पोलंडमधील लॉड्झ येथील बंदिस्त ज्यू वस्तीत पाठवण्यात आले. त्या परतल्या नाहीत. धाकटी मावशी ओटला हिचा १९४३ मध्ये आउशविट्झ येथे अंत झाला. कार्ल्सबाडही वाचले नाही. म्युनिक करारानंतर १९३८ मध्ये ते जर्मनीच्या ताब्यात गेले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तेथील मोठे सिनेगॉग जाळण्यात आले.

मुंबईतील वास्तव्य

मुंबई निवडण्यामागे भारताविषयीच्या ओढीपेक्षा प्रवेशपरवाना मिळण्याची शक्यता हे कारण अधिक होते. येथील संगीत त्यांना प्रथम अनाकलनीय वाटले. मात्र जे इतक्या लोकांना प्रिय आहे त्यात काही अर्थ असलाच पाहिजे, असे मानून त्यांनी ते शिकण्याचा निश्चय केला. लवकरच त्यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी स्थापन केली. तिचे कार्यक्रम दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात होत. त्यांत स्वतः काउफमान पियानो, तर मेहली मेहता (संगीतसंचालक झुबिन मेहता यांचे वडील) व्हायोलिन वाजवीत. मे १९३७ पर्यंत सोसायटीचे १३६ कार्यक्रम झाले होते.

बर्लिनपासूनचे परिचित चित्रपट निर्माते मोहन भवनानी यांच्यासाठीही त्यांनी काम केले. प्रागचे ज्यू लेखक व समीक्षक विली हास हेही पुढे मुंबईत येऊन भवनानींसाठी पटकथा लिहू लागले. १९३७ ते १९४६ या काळात काउफमान ऑल इंडिया रेडिओच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीत विभागाचे प्रमुख होते.

महायुद्ध सुरू झाल्यावर हिंदुस्थानातील जर्मन व ऑस्ट्रियन नागरिकांना ब्रिटिश सरकारने शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून स्थानबद्ध केले. राळेगणसिद्धी ज्या जिल्ह्यात आहे त्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) येथील छावणीत त्यांपैकी अनेकांना ठेवण्यात आले. हिटलरच्या छळामुळे पळून आलेले ज्यू निर्वासित आणि नाझी पक्षाचे समर्थक यांना एकाच कुंपणाआड राहावे लागले, ही त्या धोरणातील मोठी विसंगती होती. चौकशीनंतर अनेक ज्यूंची सुटका झाली. मुंबईतील ज्यू मदत संस्थेने यासाठी प्रयत्न केले. काउफमान चेकोस्लोव्हाकियाचे नागरिक होते आणि युद्धकाळातही ते नभोवाणीवर कार्यरत राहिले.

संकेतधून

तंबोऱ्याच्या साथीवर व्हायोलिनने वाजवलेली ही छोटी धून शिवरंजनी रागावर आधारित असल्याचे मानले जाते. तिचे व्हायोलिनवादन मेहली मेहता यांचे असल्याचे सांगितले जाते. धुनेच्या कर्तृत्वाबाबत इतर नावेही पुढे आली आहेत. तरीही काउफमान यांच्या बाजूचे मत अधिक प्रचलित आहे. पहाटे प्रसारण सुरू होण्यापूर्वी ती ऐकणाऱ्या श्रोत्यांच्या कित्येक पिढ्यांना तिच्यामागे एक निर्वासित असल्याची कल्पना नव्हती.

संशोधन व उत्तरायुष्य

गोंड आणि बैगा या आदिवासी समाजांच्या लोकगीतांवरील त्यांचा अभ्यास १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला. १९४६ मध्ये ते इंग्लंडला व पुढील वर्षी कॅनडातील हॅलिफॅक्सला गेले. त्यानंतर १९५७ पर्यंत ते विनिपेग सिंफनी ऑर्केस्ट्राचे संचालक होते. १९५७ पासून त्यांनी अमेरिकेतील ब्लूमिंग्टन येथे इंडियाना विद्यापीठात अध्यापन केले. उत्तर हिंदुस्थानी रागांवरील त्यांचा ग्रंथ १९६८ मध्ये, तर दाक्षिणात्य रागांवरील ग्रंथ १९७६ मध्ये प्रकाशित झाला. तिबेटी बौद्ध पठणावरही त्यांनी लिहिले. रागांचे पाश्चात्त्य स्वरलिपीत लेखन करताना मींड व श्रुतींचे सूक्ष्म भेद निसटतात ही मर्यादा या ग्रंथांनाही आहे, परंतु इतक्या रागांची एकत्र नोंद करणारे इंग्रजी ग्रंथ त्या काळी विरळाच होते.

त्यांच्या स्वतःच्या रचना, ज्यांत सिंफनी, ऑपेरा आणि तंतुवाद्यचौकडीसाठीचे संगीत आहे, दीर्घकाळ हस्तलिखितांतच राहिल्या. ब्लूमिंग्टन येथे १९८४ मध्ये त्यांचे निधन झाले. टोरंटोच्या एआरसी एन्सेम्बलने निर्वासित संगीतकारांवरील ध्वनिमुद्रण मालिकेत त्यांच्या निवडक रचना २०२० मध्ये प्रकाशित केल्या.