एमजी गाडीमागचा माणूस : सेसिल किंबर

रस्त्यावर दिसणाऱ्या एमजी गाड्या आपल्या शेजारच्या गुजरातेत, हालोलला बनतात. नाव मात्र शंभर वर्षं जुनं : मॉरिस गॅरेजेस, इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डचं गाड्यांचं दुकान. मोटारसायकल अपघातात एक पाय अधू झालेले सेसिल किंबर १९२१ मध्ये तिथं कामाला लागले. साध्या मॉरिस गाडीवर हलकी बॉडी चढवून त्यांनी स्पोर्ट्स कार काढल्या. १९४१ मध्ये त्यांनाच कंपनीतून काढलं. ४ फेब्रुवारी १९४५ ला लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनलगत रेल्वे अपघातात ते गेले.

त्यांच्या गाड्या मात्र टिकल्या. वर्षानुवर्षं उभी राहिलेली जुनी एमजी आजही शौकीन लोक चालू करतात. टाकीतलं सडकं पेट्रोल काढायचं, ब्रेकचे रबर बदलायचे, इंजिन आधी हातानं फिरवायचं, मगच सेल मारायचा.