नादवेडा अभियंता

पत्र्याच्या छपरावर वळवाच्या गारा पडू लागल्या म्हणजे जो ताशा वाजतो, तो तुम्ही ऐकलाच असेल. त्यातील एकेका गारेचा आवाज कोणी मोजीत नाही. परंतु असंख्य गारांचा मिळून होणारा तो नाद कसा वाढतो, कसा दाटतो आणि कसा ओसरतो, हे मात्र कानाला स्पष्ट कळते. अशा नादाचा नियम गणिताच्या साहाय्याने शोधून त्यातून संगीत निर्माण करणारे एक थोर संगीतकार विसाव्या शतकात होऊन गेले. त्यांचे नाव यान्निस झेनाकिस.

झेनाकिस यांचा जन्म १९२२ साली रुमानियातील ब्राइला या गावी एका ग्रीक कुटुंबात झाला. लहानग्या यान्निसला संगीताची गोडी लागावी म्हणून आईने त्याला एक बासरी दिली होती. परंतु तो पाच वर्षांचा असतानाच आईचे छत्र हरपले. दहाव्या वर्षी त्याला ग्रीसमधील स्पेत्सेस बेटावरील निवासी शाळेत धाडण्यात आले. पुढे तो अथेन्सच्या विद्यालयात स्थापत्य अभियांत्रिकी शिकू लागला, तोच ऑक्टोबर १९४० मध्ये इटलीने ग्रीसवर स्वारी केली.

लवकरच देश परकीय फौजांच्या टाचेखाली आला. पुस्तके बाजूला सारून यान्निस प्रतिकाराच्या चळवळीत उतरला. सहस्रावधी नागरिकांच्या कंठांतून एकाच तालात उठणारी घोषणा आणि बंदुका कडाडताच तिची होणारी शकले, हा नाद त्याच्या मनात कायमचा घर करून राहिला. जर्मन गेले, परंतु शांतता आली नाही. डिसेंबर १९४४ मध्ये ब्रिटिश सैन्य आणि ग्रीक क्रांतिकारक यांच्यात अथेन्सच्या रस्त्यांवर लढाई जुंपली. तोफगोळ्याचा तुकडा लागून यान्निसच्या चेहऱ्याची डावी बाजू विदीर्ण झाली व तो डोळा कायमचा गेला. अशाही स्थितीत त्याने १९४७ साली पदवी मिळविली. मात्र जुन्या क्रांतिकारकांची धरपकड सुरू झाल्याने त्याच वर्षी खोट्या पारपत्राच्या आधारे त्याला मायदेश सोडावा लागला. त्याच्या पश्चात त्याला देहान्ताची शिक्षा फर्मावण्यात आली.

निर्वासित झेनाकिस पॅरिसला पोहोचले. तेथे सुप्रसिद्ध वास्तुशिल्पी ल कॉर्बुझिए यांच्या कार्यालयात त्यांना काम मिळाले. आपल्या चंदीगड नगरीची रचना करणारे ते हेच. तेथील शासकीय इमारतींच्या कामातही झेनाकिस यांचा हातभार लागला. दिवसा ते काँक्रीटची गणिते सोडवीत. उरलेला वेळ संगीताला देत. तथापि वय तिशीकडे झुकलेले आणि संगीताचे शास्त्रोक्त शिक्षण अपुरे! नामांकित शिक्षकांकडून त्यांच्या पदरी निराशाच आली. अखेर ऑलिव्हिए मेसियाँ या संगीतकाराने त्यांचे निराळेपण ओळखले. जुने धडे गिरविण्यापेक्षा आपले ग्रीकपण, आपले स्थापत्य आणि आपले गणित यांचाच संगीतात उपयोग करावा, असा सल्ला त्यांनी दिला.

झेनाकिस यांनी तो शिरोधार्य मानला. १९५४ साली त्यांनी ‘मेटास्टॅसिस’ ही रचना पूर्ण केली. तीत ६१ वादक असून प्रत्येकाचे वादन वेगळे आहे. आपल्याकडील मींडेप्रमाणे तंतुवाद्यांचे स्वर एकमेकांपासून सरकत दूर जातात. त्यासाठी त्यांनी आलेखाच्या कागदावर सरळ रेषा आखल्या. अशाच सरळ रेषांपासून घडणारे वक्र पृष्ठभाग योजून त्यांनी १९५८ च्या ब्रुसेल्स प्रदर्शनातील फिलिप्स कंपनीच्या मंडपाच्या भिंती आखल्या.

असंख्य स्वरांचा मेळ हाताने घालणे हे मोठे जिकिरीचे काम. तेव्हा त्यांनी संगणकाकडे धाव घेतली. नाणे एकदा फेकले तर छाप पडेल की काटा, हे सांगता येत नाही. हजार वेळा फेकले तर मात्र दोन्ही जवळजवळ सारखेच पडतात. संभाव्यतेच्या या शास्त्रावर त्यांनी संगणकासाठी आज्ञावली लिहिली. कोणते वाद्य, कोणता स्वर, किती वेळ, याची उत्तरे संगणक आकड्यांत देई. झेनाकिस ती स्वरलिपीत उतरवीत. अशा रीतीने सिद्ध झालेली, दहा वाद्यांसाठी लिहिलेली रचना १९६२ साली पॅरिसमध्ये वादकांनी सादर केली.

१९७४ साली ग्रीसमधील लष्करी राजवट कोसळली, शिक्षा रद्द झाली आणि सत्तावीस वर्षांनी झेनाकिस यांना मायभूमीचे दर्शन घडले. तिसऱ्याच वर्षी, १९७७ मध्ये, त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘यूपिक’ नावाचे यंत्र तयार केले. त्याच्या फलकावर विशेष लेखणीने रेघ ओढावी आणि संगणकाने तिचा नाद करावा! रेघ वर चढली की स्वर चढे, खाली आली की उतरे. स्वरलिपीचे अक्षरही न जाणणारी मुले त्यावर चित्रे काढून संगीत रचू लागली. याच यंत्रावर रेखाटलेली झेनाकिस यांची रचना १९७८ साली ग्रीसमधील प्राचीन मायसीनीच्या अवशेषांत निनादली.

वयाच्या सत्तरीच्या सुमारासही ते नव्या आज्ञावली लिहीत होते. ४ फेब्रुवारी २००१ रोजी पॅरिस येथे त्यांचे निधन झाले. युद्धाने त्यांचा एक डोळा हिरावला आणि देशही तोडला; परंतु रणधुमाळीत कानी पडलेला लोकसमूहाचा नाद त्यांनी वाया जाऊ दिला नाही. ज्या संगीताचे दार त्यांच्यासाठी सहजी उघडले नाही, ते त्यांनी आपल्या यंत्राद्वारे लहान मुलांसाठी सताड उघडून दिले.